आपा समोरून यायच्या

आपा कधीच कुणाच्या मागून आल्या नाहीत. शहाद्याजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्या वॉर्डात काम करायच्या. व्हरांड्याच्या टोकापासूनच त्यांचा आवाज सुरू व्हायचा, "आपा ई ऱ्हायनी भाऊ. हातमा चहा शे, आखो काई नही." आधी आवाज, मग कपबशीची किणकिण, मग आपा. दुपारी डोळा लागला की अजून तसंच काहीतरी दुरून येत राहतं, आणि मला उठावंसं वाटत नाही.

मी तिथली व्यवस्थापक. भरतीची यादी मीच केलेली: नोंद, झडती, आंघोळ, कपडे, खोली. अर्ध्या तासात माणूस पलंगावर. कमरेला बाटली खोचून येणारे असतात, म्हणून झडतीला दोघांनी मागून हात धरायचे आणि तिसऱ्याने खिसे बघायचे. आपांना ती यादी मान्य नव्हती. "तुमनी यादी बरी शे ताई," त्या हसून म्हणायच्या, "पन त्यामा मानूस कोठे बसाडाना?" मी म्हणायचे, "बसवायला वेळ कुठंय, आपा?"

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातला एक फिटर दोनदा आमच्याकडून पळाला. दोन्ही वेळा झडतीतूनच, एकदा तर अनवाणी. मी वहीत लिहिलं होतं, 'सहकार्य नाही.' तिसऱ्यांदा त्याची बायको त्याला घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. "आते शेवटलं," ती म्हणाली. "हाऊ पळना तर मी माहेर चालनी जासू."

आपांनी माझ्या हातातला यादीचा कागद काढून घेतला. "आज माले द्या."

डॉक्टरांनी तपासल्यावर त्यांनी फिटरला निंबाखाली खाटेवर बसवलं आणि स्वतः समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसल्या. "खिसा तुना, हात तुना. तुले जव्हय वाटी तव्हय काढ." एवढंच. मग त्या लसूण सोलत राहिल्या. कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता, निंबाची सावली खाटेवरून हळूहळू सरकत होती. मी खिडकीतून घड्याळ बघत होते. कधीतरी बघायचं विसरले. फिटरला मध्येच झोप लागली. जागा झाला तेव्हा आपा तिथेच होत्या, मांडीवर टरफलांचा ढीग. त्याने कमरेची बाटली काढून खाटेवर ठेवली.

"मामा मांगतून धरे," तो टरफलांकडे बघत म्हणाला. "लहान व्हतू. मंग कोठीमा कोंडी दे." आपा टरफलं सावरून उठल्या. पाणी दिलं.

तो राहिला, पूर्ण मुदत. तेव्हापासून झडतीला मागे कुणी उभं राहत नाही. मी आपांना म्हटलं, आता नवी यादी तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "उद्या कोन येवाव शे, ते माले आज कसं म्हाईत?"

यंदा गुडघे थकले म्हणून आपा लेकीकडे अक्कलकुव्याला गेल्या. एसटीवर पोचवायला मी गेले होते. फिटर आणि त्याची बायको आधीच येऊन थांबलेले. फिटरने पेटी चढवली आणि लांब जाऊन उभा राहिला. बायको खिडकीपाशी आली. लग्न झाल्यापासून तो थंडीपावसातही ओट्यावरच झोपायचा, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं.

"आपा," ती हळूच म्हणाली, "आते हाऊ घरमा झोपस. दार बंद करीसन."