गिनतीच्या जोडीत बसलेली बाई

येरमाळ्यात मालिकेचं शूटिंग होणार म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. बायकांच्या तुरुंगाची मालिका होती, मोबाईलवर बघायची. पहिला सीझन गाजला होता म्हणे. दुसऱ्यासाठी त्यांनी गावाबाहेरचं कापसाचं जुनं गोदाम घेतलं, भिंतीवर काटेरी तारा ओढल्या, मोठ्या फाटकात एक बुटका दरवाजा केला, आणि झालं जेल. हायवेच्या हॉटेलात बसणारी माणसं म्हणायची, "शूटिंगचं नुसतं नाव. जमिनी बघायला आलेत." मलाही तसंच वाटत होतं. पण माझं शिलाईचं दुकान स्टँडजवळ. कैदी बायकांचे ब्लाऊज शिवायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी मशीन उचलून गोदामात नेली.

कपड्यांचं बघायला पुण्याची एक मुलगी होती. तिनं निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या आणलेल्या. मागं कैदी म्हणून बसायला आसपासच्या तीसेक बायका जमवल्या होत्या, त्यांना मी एकेक साडी देत होते. भूमच्या पलीकडून येणारी एक बाई होती, पन्नाशीची, काटकुळी, कुणाशी फारसं न बोलणारी. तिनं साडी हातात घेतली, उलटून बघितली आणि हळूच म्हणाली, "शिक्षा लागलेल्या बाईला हिरवं लुगडं असतंय. जिची केस चालू हाय, ती घरच्या कपड्यात."

मुलीनं दोन-तीन ठिकाणी फोन केले. बाई म्हणाली ते खरं निघालं. पांढऱ्या साड्या परत गेल्या.

मुलगी खूश झाली. माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. हिला हे कसं माहीत?

तेव्हापासून माझी सुई कापडात आणि नजर तिच्यावर. दिग्दर्शक "बसा" म्हणाला की बाकीच्या बायका पाय पसरून ऐसपैस बसायच्या. ही उकिडवी बसायची, आणि शेजारणीला ओढून आपल्या बरोबरीत बसवायची. "जोडीनं बसायचं. कैद्यांची गिनती जोडीनं हुती," म्हणायची. जेवण झालं की ताटली घासून स्वतःच्या पिशवीत ठेवायची. एकदा मी सहज विचारल्यासारखं केलं.

"आक्का, माहेर कुठलं तुमचं?"

"माहेर न्हाय मला."

"म्हणजे?"

"न्हाय म्हणलं ना बाई." आणि ती उठून गेली.

माझा हिशोब पक्का झाला. ही आत राहून आलेली आहे. आणि इतकं सगळं अंगवळणी पडलंय म्हणजे दोन-चार महिन्यांची गोष्ट नव्हे, चांगली मोठी शिक्षा असणार. मोठी शिक्षा कशाला होते? मी कपड्यांच्या मुलीला सांगितलं. मग काज-बटण करू लागणाऱ्या दोघींना सांगितलं. "बहुतेक" हा शब्द मी प्रत्येक वेळी घातला होता, पण तो पुढं कुणी नेला नाही. तीन दिवसांत बायका ने-आण करणाऱ्या जीपमध्ये तिच्या शेजारी बसेनात. एकीनं तर आपली पिशवी माझ्या मशीनखाली आणून ठेवली. ती जीपच्या मागच्या सीटवर एकटी बसून यायची.

मग तो सीन आला. जेलमध्ये आईजवळ राहणाऱ्या लेकराला सहा वर्षं झाली की बाहेर पाठवतात, तो. नटी मोठी होती, रडायला लागली की आमच्या अंगावर काटा यायचा. शिपाई बायका लेकराला ओढतायत, आई फाटकापर्यंत फरफटत जातेय, किंचाळतेय. मागं कैदी बायका जोडीनं बसलेल्या. आणि कॅमेरा चालू असताना त्यांच्यातून ती उठून उभी राहिली.

"असं न्हाय हुत," ती म्हणाली.

दिग्दर्शक भडकला. शॉट वाया गेला होता. "मावशी, खाली बसा! तुम्हाला काय माहीत कसं होतं ते?"

सगळ्या बायकांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता कबूल करेल.

"ती पोरगी मीच व्हते," ती म्हणाली.

दिग्दर्शकानं खुर्ची दिली तरी ती बसली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. आईनं महिनाभर आधीपासून तिला उचलून घ्यायचं बंद केलं होतं. रात्री शेजारच्या बाईजवळ झोपवायची. जायच्या दिवशी तेल लावून वेणी घातली, आणि फाटकापर्यंत आलीच नाही. बराकीतच बसून राहिली, भिंतीकडं तोंड करून. "मला वाटलं, रुसली माझ्यावर. बाहीर आले आन् समोर म्हैस. जल्मात बघितली नव्हती. भ्यानं तितंच मुतले."

मग तिनं आमच्याकडं बघितलं. "आईनं काय केलं व्हतं, ते इचारू नका. न्हाय सांगायची."

दिग्दर्शकानं तिला कॅमेऱ्याशेजारी उभं करून सीन तिच्या सांगण्याप्रमाणं परत घेतला. नटीनं भिंतीकडं तोंड केलं, आवाज काढला नाही. माझ्या हातातला ब्लाऊज उसवायचा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. जीपवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "त्यांनी न्हाय म्हणून सांगितलं. तुमच्यातल्याच बाया त्यांच्या गावात कायबाय बोलल्यात."

रविवारी मी एसटीनं भूमला गेले, तिथून वडापच्या जीपनं तिच्या गावी. ती अंगणात तुरी पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही.

"आक्का, माझं चुकलं," मी म्हणाले. "मीच बोलले होते."

"ठावं हाय."

"मला वाटलं..."

"तुमाला वाटलं, खून करून आली." तिनं सुपातला खडा वेचून फेकला. "माज्या लेकीची सोयरीक चाललीय. ती मोडंल, असं तवा वाटलं न्हाय काय?"

तिनं पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. निघताना म्हणाली, "आता हितं आलता, हे बी सांगत फिरू नगा."

मालिका आली तेव्हा मी तो भाग दोनदा बघितला. मागच्या रांगेत एका जोडीत जागा रिकामी दिसते. बाकी कुणाच्या लक्षात येणार नाही.

उन्हाळ्यात ती दुकानात आली, लेकीला घेऊन. लग्नाचे ब्लाऊज शिवायचे होते. भूमला शिंपी नाहीत असं नाही. मी बिचकतच सोयरिकीचं विचारलं.

"जमली तीच," ती म्हणाली. "पावन्यांना कुणी सांगायच्या आत मीच जाऊन सांगितलं. आजी जेलात व्हती म्हणून. पोराची आई म्हणली, पोरगी तर आमच्या घरात येणार हाय, आजी न्हाय."

मला फार हलकं वाटलं, पण ते तिला दाखवायची सोय नव्हती. लेकीला उभं करून मी टेप लावली. छाती, कंबर, बाही. मी एकेक माप वहीत लिहीत होते, आणि आक्का माझ्या हातातून टेप घेऊन प्रत्येक माप परत मोजून बघत होती.