मानलेली बहीण नव्हे

मल्लिनाथ मास्तर गेल्याचं कार्ड मंद्रूपच्या शाळेत आलं, तेव्हा मी तिसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते. असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं असतं. मी फाडलं नाही. ते माझ्या पिशवीत आहे, आणि ज्याला अशुभ वाटत असेल त्यानं माझ्या पिशवीला हात लावू नये.

सोलापूरच्या शाळेत आम्ही सहा वर्षं बरोबर शिकवलं. ते दुधनीचे, घरची बोली कानडी. मधल्या सुट्टीत त्यांची कडक भाकरी, माझी शेंगाचटणी आणि वाद मात्र शब्दांवरून. ‘स्नेही’ या शब्दावर त्यांचा भारी राग. “लग्नपत्रिकेत खाली छापायचा शब्द हाय त्यो,” म्हणायचे. मग आपण एकमेकांचे कोण, असं मी एकदा विचारलं. सोबती म्हणावं तर लोक भलतंच समजतात, दोस्त म्हणावं तर बाईमाणसाच्या तोंडी शोभत नाही… “आमच्यात मैतरनीला गेळती म्हनतात,” ते म्हणाले. “तुमी माझ्या गेळती. झालं की.”

दुष्काळाच्या वर्षी आमच्या दोघांवरून कुजबुज सुरू झाली. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, “राखीपौर्णिमा आलीय, बाई. सगळ्यांसमोर मास्तरांना राखी बांधा, विषय मिटेल. नाहीतर तुमच्या बदलीचा कागद तयार आहे.” घरी नवऱ्याचंही तेच. “बांध की एक धागा. माझा इस्वास हाय, पर लोकांची तोंडं कोन धरनार?” खरं सांगते, मला ते पटलं. मी घाबरले होते. दोन मुलं लहान, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यात बदली झाली तर रोज एसटीनं जायचं-यायचं… राखी, कुंकवाची कोयरी, पेढे, सगळं घेऊन मी शाळेत गेले. सगळे शिक्षक जमले. मास्तरांनी हात पाठीमागे घेतला.

“मला दोन भयनी हायत, बाई. गेळती एकच हाय. ही बांदली तर इतके दिवस आपन कायतरी लपवत हुतो, असं हुईल की.”

“बदली माझी होणार आहे, मास्तर. तुमचं काय जातंय?” मी चिडून म्हटलं.

त्यांनी हात पुढं केला. “तुमचं नुकसान हुत असंल तर बांदा. मी काय बोलनार न्हाय.”

तो हात पाहिला आणि मला ते जमेना. राखी मी परत पिशवीत टाकली. पेढे मात्र सगळ्यांना वाटले, हेडमास्तरांना दोन दिले. आठवड्याच्या आत मंद्रूपची बदली हातात पडली. पाच वर्षं झाली, एसटीचे धक्के खातेय. कधीच पस्तावले नाही असं म्हणणार नाही. बस चुकली की पस्तावते. पण मास्तर दर रविवारी आमच्या घरी यायचे, भर दुपारी, पुढच्या दारानं, आणि अर्धा वेळ माझ्या नवऱ्याशीच गप्पा मारत बसायचे.

गेल्या महिन्यात शोकसभा झाली. सूत्रसंचालकांनी “मास्तरांच्या मानलेल्या भगिनी” म्हणून मला पुकारलं. मी माइकपाशी जाऊन सांगितलं, की मी त्यांची बहीण नव्हते, मैत्रीण होते, आणि माझी जी ओळख तुम्ही करून दिलीत ती दुरुस्त करा. मागं कुणीतरी खाकरलं. समोर घरच्या मंडळींत मास्तरांच्या पत्नी, गौराबाई, बसल्या होत्या. त्या उठल्या आणि मला भीती वाटली… जगाची नव्हे, त्यांची. पदर सावरत त्या आल्या, माझा हात धरून मला खाली नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

“गेळतीनं हितं बसायचं,” त्या म्हणाल्या. मग सूत्रसंचालकांकडे वळून, “तुमास्नी कानडी येत न्हाय, म्हून चुकला असाल. लिव्हून घ्या.”