तालुक्याच्या ग्रुपवर टाकलेला अर्ज

मी निलंगा तालुक्यात ग्रामसेवक होतो. बालविवाह थांबवायचं काम कायद्यानं आमच्याच गळ्यात, आणि आमचा सगळा कारभार मोबाइलवर. सरकारी मेल होता, पण त्याचा पासवर्ड एकट्या ऑपरेटरला ठाऊक आणि तो कायम रजेवर. म्हणून कागद आला की टेबलावर ठेवायचा, फोटो काढायचा, तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. साहेबांचा अंगठा आला की काम फत्ते!

एक दिवस एक बाई अर्ज घेऊन आली. नववीतल्या पोरीचं लग्न नवऱ्यानं आणि दिरानं परवाचं ठरवलं होतं. "भाऊसाहेब, लग्न थांबवा, पण माझं नाव कळू देऊ नका. घरात ठेवणार न्हाईत मला."

"काळजीच सोडा, ताई," मी म्हणालो. लई रुबाबात म्हणालो. आणि ती पायरी उतरायच्या आत सवयीनं फोटो ग्रुपवर टाकला. नावासकट, सहीसकट.

त्या ग्रुपवर गावोगावचे पोलीस पाटीलही होते. त्यातल्या एकाचा लगेच फोन आला. "भाऊसाहेब, हे लग्न तर माझ्या भाच्याचं हाय की!" मी तडक ग्रुप उघडला. मेसेज पुसला, पण फोटो तोवर घरोघरी पोचला होता. काय म्हणावं या अकलेला!

पोलिसांना घेऊन तसाच गावात गेलो. लग्न थांबलं, पोरगी वाचली. पण दिरानं अंगणात सगळ्यांदेखत मोबाइल माझ्यासमोर धरला. मी घाईनं म्हणालो, "आम्हाला शाळेतून कळलं." कुणी ऐकूनच घेईना. शेवटी बाईच पुढं झाली. "व्हय, मीच दिलाय अर्ज." नवऱ्यानं तिची पिशवी रस्त्यावर फेकली.

मायलेकींना मीच गाडीत घालून स्टँडवर आणलं. "चुकलो ताई, माफ करा," म्हणालो.

"तुम्ही आलात तरी, भाऊसाहेब. न्हाईतर येतंय कोण?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अहवालात त्यांचा नवा पत्ता लिहावा लागणार होता. मी विचारलं, "कुण्या गावाला निघालात?" तिनं माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं. मी तो खिशात घातला.

"तेवढं राहू द्या," ती मायेनं म्हणाली.

नांदेडची गाडी लागली, सुटली. उदगीरची लागली, सुटली. मी तिथं उभा असेपर्यंत ती कोणत्याच गाडीत चढली नाही.