गोळी गरम पडते

पंचफुला आयुष्यात कधी आजारी पडली नाही, आणि याचंच तिला वाईट वाटायचं. आजारी पडल्याशिवाय त्या घरात कुणी कुणाकडे बघत नसे. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत दोघे भाऊ एकत्र राहत. ही थोरल्या वामनरावांची बायको, आणि दिपाली धाकट्या सुशीलची. पंचवीस वर्षं पंचफुलानं पोळ्या लाटल्या, सासूचे पाय चेपले, पण “बस वं घडीभर” हे तीन शब्द काही तिच्या वाट्याला आले नाहीत. ते सगळे दिपालीसाठी राखून ठेवलेले.

दिपाली मुळात गोरीपान. तीन वर्षांपूर्वी ती काळवंडायला लागली, तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या झाल्या, तेव्हा पंचफुलाला आतून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला! पण मग ती खंगली, चक्कर येऊन पडू लागली, आणि मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी निकामी झाल्यात, त्यांचा रस आता जन्मभर गोळीतून घ्यायचा. गोळी सुरू झाली आणि बाईसाहेबांचा रंग परत आला. वर डॉक्टर म्हणाले, हिला मीठ कमी पडू देऊ नका. झालं! पंचफुलाच्या भाजीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ताट सरकवणारी सासू दिपालीच्या पानात स्वतःच्या हातानं मीठ वाढू लागली. मिठावरून जळणारी बाई नागपुरात ती एकटीच असेल.

यंदा संत्र्याच्या तोडीला सगळे नरखेडकडच्या बगिच्यात गेले. एकाच झाडाखाली दोघी जावांना काटे रुतले, पंचफुलाच्या पोटरीत आणि दिपालीच्या पावलात. पंचफुलानं हळद दाबली आणि विसरून गेली. दिपालीचं पाऊल मात्र घरी येईतो सुजून लाल झालं, ताप चढला. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. पुन्हा सगळं घर तिच्या उशाशी!

औषधांचा डबा पंचफुलाच्या ताब्यात असे. झाकणावर सुशीलनं चिठ्ठी चिकटवली होती: ताप आला की रोजची गोळी दुप्पट. पंचफुलानं ती वाचली आणि डबा बंद केला.

“एवढ्या गोळ्या गरम पडते वं पोटात,” ती म्हणाली. “हे रोजची दोन दिवस राहू दे.”

“जाऊबाई, डॉक्टर तर दुप्पट घ्या म्हणत होते.”

“डॉक्टरले काय लागते म्हणायले! घराले आग लागली अन् तू तूप ओततं काय?”

थोरलीचा शब्द दिपालीनं ऐकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. हात गार पडले, डोळे उघडेनात. सुशील मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर, वामनराव दुकानात. पंचफुलानंच तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रक्तदाब बघून दचकल्या. “रोजची काही गोळी चालू आहे?”

पंचफुलानं सोबत आणलेला डबा पदराखाली घट्ट धरला. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. दिपालीच्या ओठांवरचा रंग उतरत होता. ज्या रंगावर पंचफुला इतकी वर्षं जळली, तोच.

“आहे,” ती म्हणाली आणि डबा पुढे केला. “दोन दिवसांपासून बंद आहे.”

लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. धावपळ ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. “जंतू शिरले की आपलं शरीर तो रस आपोआप वाढवतं. त्याच्या जोरावर माणूस तग धरतं. तुम्हालाही काटा रुतला म्हणता ना? तुमच्या अंगानं न सांगता सोय केली. यांना तो फक्त गोळीतून मिळतो. आणि तीच बंद!”

दुपारी सासू आणि सुशील आले. दिपाली उशीला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते तिनं पडल्या पडल्या ऐकलं होतं.

“गोळी मीच विसरली, आई,” ती हळूच म्हणाली. “जाऊबाईच्या ध्यानात आलं, म्हणून वाचली मी.”

सासूनं पंचफुलाच्या गालावरून हात फिरवला. “बस वं घडीभर,” ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. “सकाळपासून उभी असशील.”

पंचवीस वर्षांनी मिळाले ते शब्द, आणि तेही दिपालीनं दिलेले! पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. रंग हिचा, मीठ हिचं, आता मोठेपणाही हिनंच घ्यायचा?

“खोटं बोलून राहिली ते,” ती म्हणाली. “गोळी म्याच बंद केली होती.”

“काहून वं?” सासूनं विचारलं.

“गरम पडते म्हणून.” ती थांबली. दिपाली तिच्याकडेच बघत होती. “अन् जळत होती म्हणून.”

स्टूल तिथंच होतं. पंचफुला त्यावर बसली नाही.