गॅसचा नंबर

वर्ध्याच्या एका शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. तरफ, टेकू, भार आणि बल हे चार शब्द मी इतक्या वर्गांपुढे इतक्या वेळा उच्चारले होते, की झोपेत उठवलं असतं तरी फळ्यावर आकृती काढून दिली असती. त्यामुळे पुढे जे झालं त्याला अज्ञान हे कारण देता येत नाही. खरं कारण बायकोने तेव्हाच एका वाक्यात सांगितलं होतं. "शिकले लय हायत, पण समजलं कायी नाई."

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. एका जिनिंगवाल्या शेठजींच्या मुलाने कधी काळी हौसेने मुंबईहून दोन सीटची, लाल रंगाची, विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. हौस फिटल्यावर ती कापसाच्या शेडमध्ये पडून राहिली. सीटमध्ये सरकी, डिकीत उंदरांचा संसार. हंगामाच्या आधी शेठजींना जागा मोकळी हवी होती, आणि मला, देव जाणे का, ती गाडी हवी होती. वर्ध्यात बहुतेक मास्तर सायकलवर जायचे. मीही बहुतेक दिवस सायकलवरच जायचो, कारण गाडी बंद असायची.

गाडीचं बॉनेट म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. जाड पत्रा, लांबलचक नाक. ते वर टेकवून ठेवायची लोखंडी दांडी माझ्याकडे येण्यापूर्वीच कुठेतरी हरवली होती. पहिल्यांदा आंजीच्या रस्त्यावर इंजिन तापलं, तेव्हा मी शेजारच्या शेतातून कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी उपटली आणि तिचा टेकू दिला. पऱ्हाटी चुलीत घालायच्या कामाची, हे तिथलं शेंबडं पोर सांगेल. मी मात्र आत डोकं घालून पाण्याचा पाइप तपासत बसलो. काडकन आवाज आला, पुढचं मला नीट आठवत नाही. मानेवर बॉनेटच्या कडेचा वळ महिनाभर होता.

तेव्हापासून टेकूचं काम बायकोकडे आलं. गाडी बंद पडली की ती खाली उतरायची, पदर खोचायची आणि दोन्ही हातांनी बॉनेट वर धरून उभी राहायची. मी आत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायचे. सेवाग्रामच्या फाट्यावर तर एका म्हातारीने तिला हात जोडून विचारलं, "बाई, नवस हाय का वं?"

त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमाले एक सांगतो. माह्या बहिणीचं लग्न हाय आष्टीले. या गाडीत हात वर करून मी माहेरी येनार नाई. तुमचं ते झाकण आपलं आपलं उभं राह्यलं तं बसीन. नाई तं एसटीनं जाईन, तुमी या मांगून."

मला ते लागलं. धाकट्या मेहुणीच्या लग्नात लाल गाडीतून बायकोला घेऊन उतरायचं, हे चित्र मी कितीतरी दिवस मनात रंगवलं होतं.

पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकाच्या गॅससाठी नाव नोंदवलं होतं. त्या काळी गॅस मिळत नसे, गॅसचा नंबर लागत असे. नंबर लागेपर्यंत स्टोव्ह. भोकात पिन घाला, पंप मारा, भडका उडाला की मागे सरका, रॉकेल संपलं की रेशनच्या रांगेत उभे राहा. तिच्या केसांना सणाच्या दिवशीसुद्धा रॉकेलचा वास यायचा. टपालवाल्याच्या सायकलची घंटी ऐकली की ती हात पुसत दारात यायची. कार्ड येईल, कार्ड आलं की पंधरा दिवसांत कागद घेऊन जायचं, मुदत चुकली तर नंबर रद्द, हे सगळं तिला पाठ होतं.

आणि मी काय केलं? नागपूरला पेपर तपासायला गेलो होतो, तिथून जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शिरलो. एका मोडक्या परदेशी गाडीच्या मागच्या दाराला एक काळी नळी होती, तिच्यातून चकचकीत दांडा बाहेर आलेला. दुकानदार म्हणाला, "साब, गैसवाला डंडा है. अंदर गैस भरी है. एक उंगली से दरवाजा उठाओ, अपने आप खड़ा रहेगा." त्याने दार उचलून दाखवलं. दार सावकाश, सुस्कारा टाकल्यासारखं वर गेलं आणि उभं राहिलं. मला जगातले सगळे प्रश्न सुटल्यासारखं वाटलं.

एसटीने घरी येईपर्यंत तो दांडा मी मांडीवर धरून होतो. आनंद पोटात मावेना. फाटकातूनच ओरडलो, "अवं ऐकलं का, गॅस आणला!"

ती आतून धावत आली. पीठ भरलेले हात, कपाळावरची बट तशीच. चेहरा असा उजळलेला की मी लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता. तिने रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या हातभर नळीकडे पाहिलं.

"हे?"

"बॉनेटला लावायचा. आत गॅस भरलेला असतो."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." आणि आत जाऊन स्टोव्हला पंप मारू लागली. मी मात्र त्याच आनंदात नळीची लांबी मोजत बसलो. असा मी होतो.

शनिवारी सकाळची शाळा असे. दुपारी बाराला शाळा सुटली आणि मी गाडी घेऊन मिस्त्रीकडे निघालो. त्या दिवशी गाडी चालू झाली, हेच मुळात अशुभ मानायला हवं होतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर टपालवाला भेटला. माझ्या घरापर्यंतचा फेरा वाचावा म्हणून त्याने तिथेच एक कार्ड हातात दिलं. मी ते न वाचता खिशात टाकलं. कार्ड कशाचं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. मला ते कळायला तेवीस दिवस लागले.

मिस्त्री म्हणजे शहरातला एकच माणूस, जो माझी गाडी पाहून हसत नसे. तो कपाळाला हात लावत असे. नळी हातात घेऊन त्याने दाबून पाहिली, दांडा तसूभर हलला नाही.

"यात काय हाय सर?"

"गॅस."

"वा! मंग वयनीचा नंबर लागला म्हना की!"

मी हसलो. तोही हसला. त्या विनोदावर आम्ही दोघं हसलो याची मला आजही शरम वाटते.

काम सरळ होतं. नळीच्या दोन्ही टोकांना फिरत्या सांध्याची गोळी बसते. एक गोळी बॉनेटला, एक खाली बॉडीला. बंद असताना किती लांबी, उघडल्यावर किती, ते मोजायचं आणि लोखंडी अँगलच्या दोन पट्ट्या कापून बोल्टने कसायच्या. मिस्त्री म्हणाला, "मांगच्या कब्ज्यापासून दूर लावू. जवळ लावलं तं जोर चुकते." मी त्याच्या हातातला खडू घेऊन जमिनीवर आकृती काढली, बिजागरीचा टेकू दाखवला, भारभुजा दाखवली आणि त्याला पटवून दिलं की जवळच लावायचं. तो खडूच्या रेघांकडे आदराने बघत राहिला. शिकलेल्या माणसाचं आपल्याकडे फार ऐकतात, हेच वाईट.

लावल्यावर बॉनेट वर गेलं, उभं राहिलं, पण बंद करताना खालची पट्टी आतल्या पत्र्याला घासू लागली. मिस्त्रीने बोटाने अंतर मोजलं. "सूतभर पॅकिंग लागते सर. जेवून येतो अन् पत्र्याचा तुकडा कापून देतो."

तो जेवायला गेला. मला दम निघेना. खिसा चाचपला, हाताला जाड कार्ड लागलं. तीन घड्या घातल्या, बरोब्बर सूतभर झालं. पेचकसाने भोकं पाडली, पट्टीखाली सरकवलं, बोल्ट कसले. बॉनेट लोण्यासारखं बंद झालं. मिस्त्री परत आला आणि वाकून पाहू लागला.

"कायचं पॅकिंग घातलं?"

"जाड कागद आहे."

"कागद दबते सर."

मी त्याला दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे समजावून सांगितलं. त्याने कापायला काढलेला पत्रा परत ठेवून दिला.

त्या दिवशी संध्याकाळी बायकोने विचारलं, "कायी टपाल होतं का जी?" मी म्हणालो, "नाही." खोटं बोललो नाही, खरंच विसरलो होतो. दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाला आम्ही लाल गाडीतूनच गेलो. आर्वीच्या अलीकडे इंजिन तापलं. मी उतरून खटका ओढला, बोट लावलं, आणि बॉनेट सुस्कारा टाकत वर गेलं. बायको आयुष्यात पहिल्यांदा, गाडी बंद पडलेली असताना, निंबाच्या सावलीत बसली. हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं हे. तुमच्या गाडीचा नंबर लागला. आता माह्या चुलीचा लागला की सुटलो." तिच्या आवाजात राग नव्हता. मी मोठ्या मनाने म्हणालो, "लागेल गं. धीर धर."

आष्टीला लग्नघरी मी काय दिवे लावले ते सांगायलाच नको. जो येईल त्याला बॉनेट उघडून दाखवलं. पाहुण्यांना, वाजंत्र्यांना, आचाऱ्याला. एकेका बोटाने उघडायला लावलं. सासरे पक्के शेतकरी. त्यांनी दोनदा उघडून पाहिलं आणि म्हणाले, "बेस हाय जवाई. पन आमच्या बैलबंडीले झाकनच नसते." सगळे हसले, मीही हसलो. वीस-पंचवीस वेळा तरी ते उघडलं-मिटलं असेल. दर वेळी खाली कागद दबत होता.

परतताना आर्वी ओलांडली आणि गाडी बंद पडली. दुपारचं ऊन. मी बॉनेट वर केलं, आत डोकं घातलं. खटकन आवाज झाला, बोल्ट सुटून पट्टी निसटली, नळी एका टोकाने लोंबू लागली आणि बॉनेट खाली यायला निघालं. मी ओरडायच्या आत ते थांबलं. बायकोने धावत येऊन ते धरलं होतं. सवयीचे हात होते ते.

"धर, धर तसंच," मी आतून म्हणालो. "बोल्ट शोधतो."

बोल्टाच्या आधी तिला दुसरंच काही दिसलं. पट्टीखालून घड्या घातलेला एक काळपट तुकडा माझ्या खांद्याशी पडला होता. तिने एका हाताने बॉनेट पेललं, दुसऱ्या हाताने तो उचलला आणि अंगठ्याने घड्या उलगडल्या. आतली बाजू कोरडी होती, सगळं वाचता येत होतं. माझं नाव. नोंदणीचा नंबर. पंधरा दिवसांत कागदपत्रं घेऊन यावं. वर तारीख. मुदत संपून आठ दिवस झाले होते.

मला आतून तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पायातली जोडवी दिसत होती आणि बॉनेटचा थरथरणारा काठ दिसत होता. माझी मान बरोबर त्याच्या खाली होती. तिने हात सोडला असता तर वर्ध्यातल्या एकाही बाईने तिला दोष दिला नसता.

"डोकं काढा बाहेर," ती म्हणाली.

मी काढलं. मग तिने हात सोडला. बॉनेट असं आदळलं की शेतातले बगळे उडाले.

ती एसटीने घरी गेली. मी गाडी बैलजोडीने ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी एजन्सीत गेलो. खिडकीतल्या बाबूने दोन भोकं पडलेलं, ग्रीसने माखलेलं कार्ड दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "याचं काय केलं होतं?" मी खरं सांगितलं. त्याने पंखा बंद करून पुन्हा ऐकलं. पण नियम तो नियम. कार्ड त्याने परत दिलं आणि नाव यादीच्या तळाशी गेलं.

त्यानंतर रोज सकाळचा स्टोव्ह मी पेटवू लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. पिन, पंप, भडका, डोळ्यांत धूर. पहिल्या आठवड्यात भुवया जळल्या आणि वर्गात मुलं दबकत हसली. स्टोव्हपुढे उकिडवं बसून मी सात वर्षांचे दिवस मोजायचा प्रयत्न केला, पण गणित जमलं नाही. मला फार लाज वाटत होती. तिला ती कधी बोलून दाखवली नाही. बोलायला हवं होतं.

गॅस आला तो आणखी अडीच वर्षांनी. तोवर गाडी भंगारात गेली होती. शेगडीसाठी मी लाकडी टेबल करून आणलं. मापं मीच घेतली होती, त्यामुळे अर्थातच एक पाय तोकडा निघाला. टेबल डुगडुगू लागलं. मी म्हणालो, "थांब, लाकडाचा तुकडा आणतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "माह्याजवळ हाय मापाचं."

देव्हाऱ्याच्या मागून तिने ते कार्ड काढलं. अडीच वर्षं तिने ते तिथे ठेवलं होतं. घड्या जुन्याच होत्या. वाकून तिने ते तोकड्या पायाखाली सरकवलं, हाताने टेबल हलवून पाहिलं, आणि काडी ओढली. निळी ज्योत लागली, भडका उडाला नाही. तिने चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा जी. आज मी करतो."

मी पाटावर बसलो. टेबल जरासुद्धा हललं नाही.