ओनो-सानच्या रायफलीचं वजन

आमच्या घराण्यात आजवर कुणी झुरळावरसुद्धा नीट नेम धरलेला नाही, तरी गेल्या हिवाळ्यात मी एका शिकारी रायफलीचा तांत्रिक सल्लागार झालो.

जपानमधल्या त्सुकुबात आमच्या शेजारी ओनो-सान राहतात. सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, आणि डोंगरापायथ्याची शेतं उकरणाऱ्या रानडुकरांची शिकार करणारे. त्यांची जुनी रायफल फार जड. चढावर खांदा भरून येतो, तेव्हा एक हलकी बनवून घ्यायची आहे, असं ते एकदा आमच्याकडे चहा पिताना म्हणाले. मी पडलो कार्बन फायबरवर संशोधन करणारा माणूस. 'हलकं' हा शब्द कानावर पडला की मला गप्प बसवत नाही. (माझी बायको मेघना म्हणते, दुसरा कुठलाही शब्द पडला तरी बसवत नाही.)

त्यानंतर दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर रायफल जुळू लागली. नळी आखूड आणि बारीक, दुर्बीण लहान, दस्ता अर्थातच कार्बन फायबरचा. मी बोलत राहायचो आणि ओनो-सान चिवडा खाता खाता "नारुहोदो" म्हणायचे. म्हणजे 'असं होय!' प्रत्येक नारुहोदोला मला चेव चढायचा. शेवटी मी थर्मोकोलचा दस्ता कापला, काळा रंगवला आणि मेघनाच्या बेसन मोजायच्या काट्यावर ठेवला. थर्मोकोलचं वजन करून कार्बन फायबरचं काय कळणार, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मेघनाने काटा कपाटात कुलूपबंद केला.

अशाच एका सकाळी बेल वाजली. साताऱ्याहून आलेले माझे सासरे, अण्णा, सोफ्याखाली गेलेला चष्मा त्या दस्त्याने बाहेर ओढत होते. ते तसेच, दस्ता खांद्यावर टाकून दार उघडायला गेले. दारात पोलीस.

अण्णांना जपानी येतं ते नातीने शिकवलेल्या दहा आकड्यांपुरतं. पोलीस 'जू'बद्दल काहीतरी विचारत होता. जपानीत जू म्हणजे बंदूक, पण जू म्हणजे दहासुद्धा. अण्णांनी ओळखीचा शब्द ऐकला आणि त्याला एकपासून दहापर्यंत खणखणीत आवाजात मोजून दाखवलं.

मी धावत गेलो. समोर गणवेश, सासऱ्यांच्या खांद्यावर काळा दस्ता. डोळ्यांपुढे रद्द झालेला व्हिसा दिसू लागला. पोलिसाने काही विचारायच्या आत मी मोडक्या जपानीत कबुलीजबाब देऊन टाकला: नळी मी निवडली, दुर्बीणही मीच निवडली, सासऱ्यांचा यात काहीही संबंध नाही, ते पर्यटक आहेत.

पोलिसाने शांतपणे दस्ता हातात घेतला आणि बोटाने दाबला. बोट आत गेलं.

तेवढ्यात मेघना आली. तिने त्याला आत बसवलं आणि सरळ विचारलं, की आपण कशासाठी आलात? तो ओनो-सानसाठी आला होता. त्यांनी नव्या रायफलीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, आणि अशा वेळी माणूस दारू किती पितो, भांडतो का, हे शेजाऱ्यांना विचारायची पद्धत असते. एवढंच. ओनो-सान किती सज्जन आहेत ते मेघनाने सांगितलं, आणि अण्णांनी न समजताही मान डोलावली.

धीर आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पण अजून दुर्बिणीचं पक्कं व्हायचंय. अर्ज कसा केला?"

"रायफल दुकानात कधीचीच तयार आहे," पोलीस म्हणाला. "ती ठरल्याशिवाय अर्ज करताच येत नाही."

"मग ते दर रविवारी इथे..."

तो जरा अवघडला. "तुमच्याबद्दल बोलले ते. शेजारचे सेन्सेई मला काहीतरी शिकवतात, म्हणाले. काय ते समजत नाही, पण चिवडा फार छान असतो."

व्हिसा वाचला, नोकरी वाचली. गेली ती फक्त माझी इज्जत, आणि मेघनाच्या मते तिचं वजन तसंही फारसं नव्हतं.