तलावाच्या पाळीवरून

१९७८, संक्रांतीचा आदला दिवस. पवनीजवळचं आमचं गाव, तलावाची पाळ. हजर: मोठा भाऊ, धाकटा भाऊ, मधली मी, आई आणि बाबा. गाय गैरहजर, तिला मुद्दाम घरी बांधून आलो होतो.

भावांनी बांबूचं विमान केलं होतं. इंजिन नाही, दोरानं ओढत पळायचं आणि वाऱ्यावर चढवायचं. बाबांनी गोठ्याच्या छपरासाठी आणलेले बांबू त्यात गेले होते. त्यांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. उडालं तर बांबू पोरांचे, नाही तर छपरावर.

पंखांना आईचं जुनं लुगडं ताणून लावलं होतं. ते ताठ राहावं म्हणून वरून भाताच्या पेजेचे हात दिले. धानाच्या घरात दुसरं काय सुचणार? एका सकाळी पाहतो तर गाय दावं सोडवून अंगणात आलेली आणि डावा पंख चाटून पार ढिला केलेला.

"चव बरी दिसते तुमच्या विमानाची," बाबा दात घासता घासता म्हणाले.

धाकटा रडवेला झाला. मोठ्यानं पुन्हा पेज शिजवायला सांगितली. मी म्हटलं, गाईला पुन्हा भूक लागेल. तेव्हा आईनं जवसाचं तेल उकळून दिलं. बैलगाडीच्या लाकडाला आम्ही तेच लावत असू. कापड नव्यानं ताणलं, तेल लावलं आणि रोज उन्हात ठेवलं. गाईनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

माणूस बसवायचा नाही, ही आईची अट. म्हणून मधे धानाचं अर्धं पोतं बांधलं. भाऊ दोर धरून पाळीच्या उतारावरून खाली बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पळाले. विमान आधी घसरलं, मग उचललं, पळसाच्या झुडपांवरून गेलं आणि कापलेल्या धानाच्या खुंटांवर उतरलं. पंखाचं एक टोक मोडलं.

बाबा जवळ गेले. पोतं चाचपून म्हणाले, "पोतं त उडलं. पण माणूस कुठं बसवान रे?"

बसायची जागा भावांनी केलीच नव्हती.

बांबू बाबांनी परत मागितले नाहीत. पुढे भाऊ वरठीच्या कारखान्यात लागले, आणि सांगाडा गोठ्याच्या आढ्याला टांगला गेला. आता निवृत्त होऊन दोघेही घरी असतात. यंदा पंखाचं टोक दुरुस्त झालं, नवं कापड लागलं, तेलही दिलं. बैठक अजून बसवायची आहे.